टर्नटेबलला बाहेरचा पॉवर सप्लाय: आधी मोटर ओळखा, मग डबा निवडा

माझं पहिलं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, हाती आलं ते ॲडॉप्टरशिवाय. मागच्या पट्टीवर २४ व्होल्ट लिहिलं होतं. ड्रॉवरमध्ये एका बंद पडलेल्या स्कॅनरचा ॲडॉप्टर होता, तोही २४ व्होल्टचाच. पिन नीट बसली, म्हणून लावून दिला. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी, हलला नाही. रबरी बेल्ट काढून मोटरची छोटी चाकी, म्हणजे पुली, चिमटीत धरून फिरवली, तर ती टक्‌टक् करत एकेका खाचेत अडकत होती. मग मी बेल्ट पुसला, पुली साफ केली, बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब टाकला. दहा मिनिटांनी मोटरजवळ गरम वार्निशचा वास आला, तेव्हा कुठे ॲडॉप्टरवरची चिठ्ठी नीट वाचली. टर्नटेबलला एसी हवं होतं आणि मी डीसी देत होतो. आकडा बघितला होता, आकड्यापुढची खूण बघितली नव्हती.

मोटर वाचली. तेव्हापासून पॉवर सप्लाय बदलायची गोष्ट निघाली की मी आधी मोटरबद्दल विचारतो. कोणता सप्लाय चांगला, याचं उत्तर तुमच्या टर्नटेबलमध्ये कोणती मोटर आहे यावर ठरतं. तुमच्याकडे साधं किंवा मधल्या दर्जाचं टर्नटेबल असेल आणि त्याला बाहेरून सप्लायचा डबा जोडायचा विचार असेल, तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. खोलीतल्या इतर उपकरणांना यात हात लावायचा नाही, आणि टर्नटेबल उघडायचंही नाही.

सप्लाय बदलल्याने काय सुधारतं

सप्लायचा संबंध फक्त मोटरशी असतो. सुईतून निघणारा सिग्नल त्यातून जात नाही. त्यामुळे "आवाज मोठा झाला", "बास वाढला" अशी वर्णनं ऐकलीत तर थोडं सबुरीने घ्या. सप्लायमुळे खरंच बदलू शकतात त्या गोष्टी मोजक्या आहेत: प्लॅटरचा वेग, त्या वेगाची स्थिरता, मोटरची थरथर, ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलच्या पोटात असेल तर त्याची घुमघुम, आणि कधी कधी ॲडॉप्टरमुळे स्पीकरमधून येणारी चिरचिर. याशिवाय मिनिटाला ३३ फेऱ्यांवरून ४५ वर जाताना प्लॅटर उचलून बेल्ट सरकवायचा त्रास जातो. रोजच्या वापरात मला सगळ्यात जास्त सुख या शेवटच्या गोष्टीचं वाटतं, आणि ते कबूल करायला काही हरकत नाही.

थरथरीचं थोडं सविस्तर सांगतो. बेल्टवर चालणाऱ्या पुष्कळ टर्नटेबलांत एसी सिंक्रोनस मोटर असते. तिचा वेग व्होल्टेजवर ठरत नाही, विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. २४ ध्रुवांची मोटर ५० हर्ट्‌झवर मिनिटाला २५० फेरे घेते, ६० हर्ट्‌झवर ३००. म्हणून ६० हर्ट्‌झच्या देशातलं टर्नटेबल ५० हर्ट्‌झवर लावलं की सगळी गाणी मंद आणि भसाडी होतात, आणि पुली बदलल्याशिवाय इलाज नसतो. या मोटरमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. दोन्हींना वीज एकाच वेळी न मिळता पाव आवर्तनाच्या फरकाने मिळाली, तर मोटर गुळगुळीत फिरते. साध्या टर्नटेबलमध्ये हा फरक एक कॅपॅसिटर घडवून आणतो, पण तो कॅपॅसिटर एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला आणि ठरावीक भारालाच बरोबर असतो. जरा चुकला, जुना झाला, की मोटर फिरते खरी, पण फिरता फिरता कुरकुरत राहते. ५० हर्ट्‌झच्या विजेवर ही कुरकुर बहुधा १०० हर्ट्‌झच्या आसपास ऐकू येते. बेल्ट ती बरीचशी गिळतो, सगळी नाही.

चांगला बाहेरचा सप्लाय भिंतीतली वीज तशीच पुढे सरकवत नाही. तो नेमका ठेका राखणाऱ्या क्वार्ट्झ क्रिस्टलच्या आधाराने स्वतःची स्वच्छ साइन लहर तयार करतो आणि मोटरला ती देतो. त्यातले काही दोन्ही वेटोळ्यांना वेगवेगळी लहर देतात, म्हणजे कॅपॅसिटरवर विसंबायची गरजच उरत नाही. काही सप्लाय प्लॅटर वेगात आला की व्होल्टेज थोडं उतरवतात. सुरुवातीला जड प्लॅटर हलवायला जोर लागतो, नंतर तेवढा लागत नाही, आणि व्होल्टेज कमी झालं की थरथरही कमी होते. एकदा बेल्ट काढून, मोटर चालू ठेवून तिच्या बाजूच्या लाकडावर बोटाचं टोक टेकवून बघा. व्होल्टेज उतरतं त्या क्षणी बोटाखालची गुदगुल्यांसारखी थरथर मंदावते. हा फरक कानांपेक्षा बोटाला आधी कळतो.

पायरी पहिली: तुमच्याकडे काय आहे

टर्नटेबल तीन घरांपैकी एका घरातलं असेल.

एक, भिंतीत लावायचा ॲडॉप्टर बाहेर आणि तो एसी देतो. ॲडॉप्टरच्या चिठ्ठीवर आउटपुटपुढे नागमोडी रेघ असते. रेगा कंपनीच्या प्लेनर मालिकेतली २४ व्होल्टची मोटर या घरातली.

दोन, ॲडॉप्टर बाहेर पण तो डीसी देतो. चिठ्ठीवर एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असते. इथे मोटर डीसी असू शकते, किंवा आत एक छोटं सर्किट डीसीपासून मोटरसाठी एसी बनवत असतं. बाहेरून कळत नाही, आणि तुम्हाला कळायची गरजही नाही. ॲडॉप्टर डीसी म्हणजे सप्लायही डीसीच.

तीन, विजेची जाड केबल थेट टर्नटेबलमध्येच जाते. जुनी बेल्टवाली बरीच टर्नटेबलं आणि बहुतेक डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टऐवजी मोटर थेट प्लॅटर फिरवते ती) याच घरातली.

तिसऱ्या घरातल्या नवख्यांनी इथेच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. आतला ट्रान्सफॉर्मर काढून बाहेरच्या डब्यात बसवायचे प्रयोग लोक करतात. टेक्निक्सच्या एसएल-१२०० मार्क २ मध्ये हा बदल बराच लोकप्रिय आहे. पण ते काम भिंतीच्या विजेशी आहे, आणि भिंतीची वीज चूक माफ करत नाही. शिवाय १९७९ साली आलेल्या या टर्नटेबलचा वेग मुळातच क्वार्ट्‌झवर बांधलेला असतो. बाहेरच्या सप्लायने वेग सुधारायला तिथे जागाच नाही, फार तर ट्रान्सफॉर्मरची घुमघुम दूर जाईल. जुन्या बेल्टवाल्यांसाठी मात्र फ्रिक्वेन्सी बनवून देणारे तयार डबे मिळतात. टर्नटेबलची केबल डब्यात आणि डबा भिंतीत, इतकं साधं असतं. तसा डबा घ्यायचा तर त्याचं आउटपुट व्होल्टेज मोटरच्या पट्टीवरच्या आकड्याशी जुळतं का, एवढं विक्रेत्याकडून लेखी घ्या.

पहिल्या दोन घरांत गोंधळ उडतो तो एकाच कंपनीच्या मॉडेलांमुळे. प्रो-जेक्टच्या डेब्यू ३ ला १६ व्होल्ट एसी लागतं आणि डेब्यू कार्बन डीसीला १५ व्होल्ट डीसी. कंपनी तीच, नावंही जवळची, आकड्यांत एका व्होल्टचा फरक. दोघांचे ॲडॉप्टर एका खोक्यात पडलेले असतील तर अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

एक कागद घ्या आणि त्यावर या गोष्टी उतरवा: एसी की डीसी, किती व्होल्ट, किती मिलिअँपिअर, आणि डीसी असेल तर पिनेच्या मध्यावर प्लस आहे की मायनस. ही शेवटची माहिती ॲडॉप्टरवर एका छोट्या चित्रात असते. मध्ये भरीव ठिपका, त्याभोवती अर्धवर्तुळ, आणि दोन्ही बाजूंना अधिक-उण्याची चिन्हं. ठिपक्याला जोडलेलं चिन्ह म्हणजे पिनेचा मधला भाग.

पायरी दुसरी: खरेदीआधी मोजणी

ही पायरी लोक टाळतात आणि मग सप्लाय लावल्यावर नक्की काय बदललं ते त्यांना सांगता येत नाही.

वेग मोजायची सगळ्यात सोपी रीत फुकट आहे. प्लॅटरच्या कडेला कागदाची छोटी चिकटपट्टी लावा, एखादी रेकॉर्ड सुई टेकवून चालू ठेवा, आणि पट्टी समोरून गेली की मोजायला लागा. पहिल्यांदा गेली तेव्हा शून्य म्हणा आणि घड्याळ सुरू करा. ३३⅓ च्या वेगाला १०० फेरे बरोबर ३ मिनिटांत होतात. १७९ सेकंदांत झाले तर तुमचं टर्नटेबल साधारण अर्ध्या टक्क्याने जलद आहे, १८१ लागले तर तेवढंच मंद. ४५ वर ३ मिनिटांत १३५ फेरे व्हायला हवेत. मोजताना मध्येच फोन वाजतो, हे ठरलेलंच. पुन्हा सुरुवात करायची.

याहून बारकाईने बघायचं तर ३१५० हर्ट्‌झचा सूर असलेली टेस्ट रेकॉर्ड आणि फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप घ्या. ३१६६ दिसलं म्हणजे अर्धा टक्का जलद. अर्धा टक्का किती मोठा? एका स्वरापासून लगतच्या अर्ध्या स्वरापर्यंतचं अंतर सुमारे ६ टक्के असतं, त्यामुळे नुसतं ऐकून बहुतेकांना अर्धा टक्का कळत नाही. रेकॉर्डबरोबर पेटी किंवा गिटार वाजवायला बसलात की लगेच कळतो.

फोन प्लॅटरवर ठेवून वेग दाखवणारी ॲपही आहेत. फोन मध्यावर ठेवा, सुईला संरक्षक टोपी घाला, आणि आकड्याला ब्रह्मवाक्य समजू नका. फोनमधल्या सेन्सरची स्वतःची चूक असते. मात्र आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून बघायला त्यांचा चांगला उपयोग होतो.

स्ट्रोब डिस्क, म्हणजे वेग तपासायची रेघांची चकती, तिच्याबद्दल एक गंमत. ५० हर्ट्‌झसाठी ३३⅓ च्या वर्तुळावर १८० रेघा असतात, ६० हर्ट्‌झसाठी २१६. विजेवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्याखाली वेग बरोबर असेल तर रेघा थांबलेल्या दिसतात. ५० हर्ट्‌झवर रेघ सेकंदाला एक घर पुढे सरकली तर वेग १ टक्का जास्त. पण दिवा आणि सिंक्रोनस मोटर दोन्ही एकाच भिंतीतल्या विजेवर चालतात. विजेची फ्रिक्वेन्सी घसरली की दोघं एकत्र घसरतात, आणि रेघा स्थिर उभ्या राहून तुम्हाला सगळं ठीक असल्याचं सांगतात. आरोपी आणि साक्षीदार एकाच घरातले. त्यामुळे बॅटरीवर चालणारा, स्वतःचा क्वार्ट्‌झ असलेला स्ट्रोब दिवा वापरा. साध्या एलईडी बल्बखाली तर बरेचदा रेघा नुसत्याच पुसट होतात.

मोजणीआधी टर्नटेबल वीस मिनिटं चालू ठेवा. तेल गरम होतं, बेल्ट सैलावतो, वेग थोडा बदलतो. आणि बेल्ट, पुली, प्लॅटरची आतली कड एकदा साफ करून घ्या. पुलीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेली कापसाची काडी फिरवली की काडी काळी होऊन येते, तो सगळा बेल्टचा झिजलेला रबर. माझ्या दुसऱ्या टर्नटेबलमध्ये सप्लायसाठी शोधाशोध चालू होती आणि शेवटी दोष निघाला तो ताणून लांब झालेल्या बेल्टचा. नवा बेल्ट घातला, वेगाची तक्रार गेली, आणि सप्लायचा विषय वर्षभर मागे पडला.

आणखी एक सांगायलाच हवं. रेकॉर्डचं भोक मध्यावरून अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असेल, तरी मध्यापासून १० सेंटिमीटरवरच्या खाचेत वेग प्रत्येक फेऱ्यात अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली जातो. १.८ सेकंदांचा एक झोका. पियानोचा लांब सूर किंवा तंबोरा लागला की हा झोका उघडा पडतो. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारी दांडी, डावी-उजवी डुलताना दिसत असेल तर दोष रेकॉर्डचा आहे. जगातला कोणताही सप्लाय तो दुरुस्त करू शकत नाही.

पायरी तिसरी: निवड

मोजमाप हातात आलं की निवड बरीच सोपी होते.

वेग बरोबर आहे, थरथरही जाणवत नाही, फक्त बेल्ट सरकवण्याचा कंटाळा आहे: अशांनी वेग बदलणारा साधा डबा घ्यावा. वेग थोडा पुढे-मागे आहे: बारीक फरक करता येईल असा डबा हवा. ॲडॉप्टर स्वस्त स्विचिंगचा (वीज वेगाने तोडत-जोडत व्होल्टेज बनवणारा) आहे आणि स्पीकरमधून बारीक चिरचिर येते: तेव्हा त्याच व्होल्टचा लिनिअर (अशी तोडजोड न करणारा) सप्लाय करून बघण्यासारखा आहे. पण तो वेग बदलून देत नाही, आणि चिरचिर ॲडॉप्टरमुळेच आहे हे आधी सिद्ध करा. कसं, ते खाली येतंच.

एसी मोटरसाठी माझा कौल टर्नटेबल बनवणाऱ्या कंपनीच्याच सप्लायला आहे. कारण पुन्हा तो कॅपॅसिटर. ३३⅓ ला ५० हर्ट्‌झ लागत असतील तर त्याच पुलीवर ४५ मिळवायला ६७.५ हर्ट्‌झ द्यावे लागतात. फ्रिक्वेन्सी वाढली की वेटोळ्यांचा विरोध वाढतो, म्हणजे व्होल्टेजही वाढवावं लागतं. आणि ५० हर्ट्‌झसाठी निवडलेला कॅपॅसिटर ६७.५ ला चुकीचा पडतो. रेगाचा निओ किंवा प्रो-जेक्टचा स्पीड बॉक्स बनवताना त्या कंपनीने आपल्या मोटरसाठी हे सगळं जमवलेलं असतं. लिन कंपनीचा १९९० मधला लिंगोही त्यांच्या एकाच टर्नटेबलसाठी होता. कुठल्याही मोटरला चालेल असं सांगणारा डबा घेणं वाईटच असं नाही, पण तेव्हा ही जुळवाजुळव तुमच्या गळ्यात पडते.

डीसीच्या घरात मोकळीक जास्त. नियम एवढे: व्होल्टेज नेमकं तेवढंच. अँपिअर तेवढे किंवा जास्त, कमी कधीच नाही. नवे लोक इथे उलटे घाबरतात. ५०० मिलिअँपिअरच्या टर्नटेबलला २ अँपिअरचा सप्लाय लावला तर जास्त करंट आत घुसत नाही, टर्नटेबल हवा तेवढाच ओढतं. धोका व्होल्टेजचा असतो. पिनेची टोकं अधिक-उणे जुळली पाहिजेत. आणि पिनेचं माप. बाहेरून ५.५ मिलिमीटर दिसणाऱ्या पिना आतून दोन प्रकारच्या असतात, २.१ आणि २.५. सॉकेटचा काटा २.१ चा आणि पिन २.५ ची असेल तर ती बसते, पण सैल. टेबलाला धक्का लागला की मोटर क्षणभर थांबते, आणि तुम्ही रात्रभर सप्लायला शिव्या देता.

पायरी चौथी: जोडणी

डीसी सप्लाय असेल तर टर्नटेबलला लावायच्या आधी मल्टीमीटर डीसीच्या खुणेवर ठेवून पिन तपासा. लाल तार पिनेच्या आत, काळी बाहेरच्या नळीला. दोन्ही टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. आकडा अधिक आला तर मध्यावर प्लस, उणे आला तर मायनस. मग तसंच मल्टीमीटर एसीवर फिरवा. चांगल्या डीसी सप्लायमध्ये इथे जवळजवळ शून्य दिसतं. काही मल्टीमीटर डीसी असतानाही एसीवर भलताच आकडा दाखवतात, तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नका. एसी ॲडॉप्टर मोकळा मोजला तर चिठ्ठीवरच्यापेक्षा दोन-तीन व्होल्ट जास्त येतात. भार आला की ते उतरतात, त्यात काळजीचं काही नाही.

मग ॲम्प्लिफायर बंद, सुईला टोपी, टोनआर्म कुलुपात. टर्नटेबल आणि सप्लाय दोन्ही बंद असताना पिना लावा. बेल्ट पुलीच्या लहान, म्हणजे ३३ च्या पायरीवर ठेवा. हे विसरलं तर डब्यावर ४५ दाबल्यावर रेकॉर्ड खारीसारखी पळते. टर्नटेबलचं स्वतःचं बटण बहुतेक वेळा कायम चालूच ठेवायचं असतं आणि बंद-चालू डब्यावरून करायचं असतं, पण तुमच्या सप्लायच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघा. आणि जोडणी झाल्या झाल्या सप्लायच्या तारेवर, पिनेजवळ, चिकटपट्टी लावून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: "टर्नटेबल, २४ व्होल्ट, एसी". जुना ॲडॉप्टरही असाच नाव घालून ठेवा.

डबा ठेवायची जागा महत्त्वाची, विशेषतः आत ट्रान्सफॉर्मर असेल तर. सुई बसते त्या कार्ट्रिजचे दोन प्रकार: सामान्य मूव्हिंग मॅग्नेटमधून ५ मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल निघतो, मूव्हिंग कॉइलमधून त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी. एवढ्या नाजूक तारेजवळ ट्रान्सफॉर्मर ठेवला तर तो गाणार. नशीब एवढंच, की अंतर वाढलं की त्याचं चुंबकीय क्षेत्र झपाट्याने पडतं, अंतर दुप्पट केलं की साधारण आठवा हिस्सा. मी असं करतो: रेकॉर्ड थांबलेली, सुई वर, ॲम्प्लिफायरवर फोनो (टर्नटेबलचं इनपुट) निवडलेला, आवाज नेहमीपेक्षा बराच वाढवलेला. मग चालू डबा हातात धरून टर्नटेबलभोवती हळूहळू फिरवतो. टोनआर्मच्या बाजूला आणलं की घुमघुम चढते, मोटरच्या बाजूला नेलं की उतरते. डबा आडवा-उभा वळवूनही फरक पडतो. जिथे आवाज सगळ्यात कमी, तिथे तो ठेवायचा. शेल्फ दिसायला जरा विचित्र होईल, होऊ द्या. फोनो स्टेजवर (सुईचा नाजूक सिग्नल मोठा करणाऱ्या उपकरणावर) किंवा तिच्याखाली डबा ठेवू नका, आणि विजेची तार सिग्नलच्या तारेला समांतर नेऊ नका. दोन्ही तारा एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

टोनआर्मची हिरवी किंवा काळी अर्थिंगची बारीक तार फोनो स्टेजलाच लावायची. सप्लायच्या डब्याला स्क्रू दिसला म्हणून तिथे जोडायचा मोह आवरा.

पायरी पाचवी: वेग बसवणं

पुन्हा वीस मिनिटं चालवा. मग रेकॉर्ड ठेवून, सुई मध्यावरच्या गाण्यात टेकवून मोजा, कारण सुईच्या ओढीने बेल्टवाला प्लॅटर किंचित मंद होतो. बारीक बदलाचं बटण एकेक टप्पा फिरवा आणि प्रत्येक टप्प्यानंतर अर्धा मिनिट थांबा. जड प्लॅटर लगेच ऐकत नाही. टेस्ट सूर वापरत असाल तर ॲपमधला आकडा वर-खाली हलत राहील. तो झोका बहुधा त्या टेस्ट रेकॉर्डच्याच भोकाचा असतो, तेव्हा दोन टोकांच्या मधला आकडा धरा. ३३ झालं की ४५ वेगळं बसवा. काही डब्यांत दोन्ही वेग स्वतंत्रपणे लक्षात राहतात, काहींत एक हलवला की दुसराही हलतो.

०.१ टक्क्याच्या आत आलात की थांबा. त्यापुढे तुम्ही बेल्टच्या लहरीशी भांडत असता.

काही बिघडलं तर

घुमघुम किंवा चिरचिर वाढली असेल तर दोषी शोधायची एक सोपी रीत आहे. सुई वर, आवाज वाढवलेला, मोटर चालू. आता सप्लाय भिंतीतून उपटा. आवाज त्या क्षणी गेला तर दोष सप्लायचा किंवा त्याच्या जागेचा. आवाज तसाच राहिला तर सप्लाय निर्दोष आहे, टोनआर्मची अर्थिंग आणि फोनोच्या तारा बघा. स्विचिंग ॲडॉप्टर असताना टोनआर्मला हात लावल्यावर चिरचिर बदलत असेल, तर ॲडॉप्टरमधून गळणारा बारीक करंट अर्थिंगच्या वाटेने सिग्नलमध्ये शिरतोय अशी शक्यता मोठी. तिथे लिनिअर सप्लाय खरोखर उपयोगी पडतो. उलट एखाद्या लिनिअर सप्लायमध्ये डीसीचा मायनस भिंतीच्या अर्थिंगला जोडलेला असतो, आणि मग ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगबरोबर फेरा पूर्ण होऊन नवीच घुमघुम सुरू होते. घेताना आउटपुट अर्थिंगपासून सुटा आहे का, हे विचारा.

मोटर सुरू होताना कधी उजवीकडे, कधी डावीकडे फिरते किंवा जागच्या जागी थरथरते, तेव्हा दुसऱ्या वेटोळ्याला वीज पोचत नाहीये. कॅपॅसिटर संपला, किंवा सप्लायमधली एक वाट तुटली. जुना ॲडॉप्टर लावून बघा. तसंच झालं तर दुरुस्ती टर्नटेबलमध्ये, नाहीतर डब्यात.

प्लॅटर वेगात यायला पूर्वीपेक्षा खूप वेळ लागत असेल तर सप्लाय व्होल्टेज फार लवकर उतरवत असेल किंवा बेल्ट म्हातारा झाला असेल. आधी बोटाने हलका धक्का देऊन सुरू करून बघा. वेगात आल्यावर सगळं ठीक राहत असेल तर त्यात चूक काहीच नाही. काही टर्नटेबलांना जन्मभर असाच धक्का लागतो, आणि वापरणाऱ्याचा हात काही आठवड्यांत ते आपोआप करायला लागतो.

बंद करताना स्पीकरमधून "फट्" आवाज येत असेल तर तो बटणातल्या ठिणगीचा असतो. डब्यावरून बंद करायला लागलात की बहुतेक वेळा तो जातो. नाही गेला, तर बटण दाबायच्या आधी आवाज खाली करा.